डेड स्टॉक

परवा एका संगीत समारंभात एक नामवंत गवई भाषण करत होते. म्हणाले, लॉकडाऊन हे कलावंताला मिळालेलं वरदानच होतं. ना कार्यक्रम, ना प्रवास, नुसता रियाज. टाळ्या पडल्या. मी मागे दाराशी उभा होतो, माझे हात काही टाळीसाठी वर आले नाहीत. वरदान कुणाला मिळालं, कुठल्या घरात मिळालं, त्या घराला खोल्या किती, हे त्या माणसाला कुणी विचारलं नाही. म्हणून मी इथं विचारतोय.

दोस्तहो, आपल्या पानांवर संगीतावर लिहायची चाल नाही. आपण जमिनीवर लिहितो, नोकरीवर लिहितो, अत्याचारावर लिहितो. गाणं म्हणजे चौदा एप्रिलला स्टेजवर असतं ते, असं धरून चालतो. पण कॉलेजला टाळं लागणं हासुद्धा जमिनीचाच सवाल आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तबला मांडायला जेवढी जमीन लागते तेवढ्या जमिनीचा.

मी २०१८ साली संगीताच्या डिग्रीला प्रवेश घेतला. तबला. राखीव जागेवर. हे मुद्दाम सांगतो, कारण वर्गात कुणी ना कुणी ते मला आठवून द्यायचंच. आम्ही चेंबूरच्या लोखंडे मार्गावरच्या वस्तीत राहतो. बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि एप्रिल लागला की भीमगीतांच्या पार्टीत ढोलकीवर बसायचा. म्हणजे ताल मला कुणी शिकवला नाही, तो घरात सांडलेला होता. कॉलेजात पहिल्याच दिवशी सर म्हणाले, ढोलकीचा हात आहे, हा आधी मोडावा लागेल. मोडला. दोन वर्षं घासून घासून मोडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तबल्याचा हात वेगळाच असतो. तक्रार एवढीच की मोडलेल्या हाताला नवीन वाद्य लागतं, आणि ते वाद्य माझ्या घरी नव्हतं. ते कॉलेजच्या कपाटात होतं. सकाळी साडेसातला शिपाईमामा कपाट उघडायचे, मी नऊपर्यंत वाजवायचो, मग वर्ग. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही.

मार्च २०२० च्या मध्यावर नोटीस लागली. राज्यातली कॉलेजं ३१ तारखेपर्यंत बंद. मी ऑफिसात गेलो. म्हटलं, साहेब, एक जोडी घरी नेऊ द्या, सही करतो, ओळखपत्र ठेवून घ्या. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, वाद्यं डेड स्टॉक रजिस्टरला आहेत, डेड स्टॉकची वस्तू गेटबाहेर जात नाही. डेड स्टॉक म्हणजे सरकारी भाषेत खुर्ची, टेबल, पंखा. त्यात तबला. मी म्हटलं, पंधरा दिवसांचा तर सवाल आहे, आणि घरी आलो.

पंधरा दिवसांचा सवाल दीड वर्षाचा झाला.

२२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशानं थाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीतल्या मातंग काकांनी त्या दिवशी हलगी शेकून बाहेर काढली. काय वाजवली! समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून मोबाइलवर शूटिंग घेत होते. एरवी त्याच टॉवरमधून हलगीच्या आवाजाबद्दल पोलीस स्टेशनला फोन जातो. पुढच्याच आठवड्यात त्याच सोसायटीनं आईला गेटवर अडवलं. ती तिथं तीन घरची धुणीभांडी करायची. वस्तीतल्या बाया नकोत, असा ठराव झाला होता म्हणे. पगार? काम नाही तर पगार कसला. थाळी वाजवली ना तुमच्यासाठी.

आता घराचा हिशोब बघा, कारण विद्यार्थ्याचं सांगताना सगळे घराचं विसरतात. वाजवून खाणाऱ्या माणसाचं वर्ष मार्च ते मे या तीन महिन्यांत असतं. लग्नसराई तेव्हा, जयंती तेव्हा, जत्रा तेव्हा. बँडवाला पावसाळ्यात जे खातो ते एप्रिलात वाजवलेलं असतं. टाळेबंदी नेमकी त्या तीन महिन्यांवर येऊन बसली. १४ एप्रिल २०२० ला सकाळी दहा वाजता टीव्हीवर पंतप्रधानांनी ती ३ मेपर्यंत वाढवली. आम्ही घरात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून बसलो होतो. बापाच्या त्या वर्षीच्या सगळ्या सुपाऱ्या रद्द झाल्या होत्या. बँडचा लाल कोट खिळ्याला तसाच लटकत राहिला. रेशनचा फुकटचा तांदूळ माणशी पाच किलो आला, त्यावर दिवस निघाले. आईनं नगावर मास्क शिवायला घेतले.

जूनमध्ये कॉलेजचा मेसेज आला : वर्ग ऑनलाइन. घरात एकच फोन, तोही बटणांचा. बाप काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्यानं एक जुना स्मार्टफोन आणून माझ्यापुढे ठेवला. क्लॅरिनेटची पेटी ज्या फळीवर असायची ती फळी रिकामी होती. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आईनं पंधरा दिवसांनी सांगितलं.

बरं, त्या फोनवर काय झालं ते ऐका. संगीतवाल्यांनाही हे नीट ठाऊक नाही. व्हिडिओ कॉलचं यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. बोलण्याखेरीज जे सतत वाजत असतं त्याला ते गोंगाट समजतं आणि कापून टाकतं. पंख्याची घरघर कापतं, तसाच तंबोऱ्याचा षड्जही कापतं. ते कापणं बंद करायचं बटण असतं, पण ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. गाणाऱ्या मुली तंबोरा लावून बसायच्या आणि सरांना फक्त त्यांचा गळा ऐकू यायचा, खाली आधार नाही.

तबल्याचं दुखणं वेगळं. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांवर चालला असेल तर एक मात्रा म्हणजे पाव सेकंद. सरांचा लेहरा तिकडून माझ्याकडे यायला आणि माझा ठेका परत त्यांच्याकडे जायला आमच्या वस्तीतल्या नेटवर्कवर पाव सेकंद सहज लागायचा, बहुतेकदा जास्तच. म्हणजे मी समेवर अचूक धा मारला तरी सरांना तो एक मात्रा उशिरा पोचणार. सर म्हणायचे, लय सुटते रे तुझी. मी म्हणायचो, सर, इथं बरोबर येतंय. ते म्हणायचे, उलट बोलू नकोस. सहा महिने आमची सम भेटली नाही. ज्यांच्या घरी वायफाय होतं त्यांची थोडी तरी भेटत होती.

आणि मी वाजवत कशावर होतो? सुरुवातीला पाटावर, मग घडी केलेल्या गोधडीवर. शेजारी एक म्हातारी आजारी, पलीकडे रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला. सहा माणसं एका खोलीत. पढंत करायचो, ओठांतल्या ओठांत. धा तिरकिट, धा तिरकिट. बोल तोंडपाठ राहिले, हात गेला. तबलजीला विचारा, बोटांना चामड्याचा उलटा धक्का लागतो, तो गोधडीतून येत नाही. पुडीवर बोट पडलं की पुडी बोटाला वर फेकते. त्या फेकण्यावर सगळा रेला उभा असतो.

चामड्यावरून आठवलं. २०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे हे सगळं बंद व्हायच्या महिनाभर आधी, टी. एम. कृष्णा यांचं मृदंग बनवणाऱ्यांवरचं पुस्तक आलं. मृदंग बनवणारे बरेचसे दलित ख्रिश्चन. चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनासाठी दिलेलं सभागृह ऐन वेळी काढून घेतलं. कार्यक्रम दुसरीकडे करावा लागला. कातडं कमावणाऱ्याचं कातडं चालतं, नाव चालत नाही. असो, हा वेगळा लेखाचा विषय आहे.

माझ्या वर्गात मालवणीची एक मुलगी होती. गळा असा की वर्गात ती गायला लागली की शिपाईमामा दाराशी येऊन उभे राहायचे. तिचंही घर एका खोलीचं. पहाटेचा खर्ज लावायची तर भाऊ ओरडायचा. गच्चीवर गेली तर चार पोरं खाली शिट्ट्या मारायची. कॉलेज चालू असताना ती सकाळी सात ते संध्याकाळी पाच घराबाहेर असायची. ‘कॉलेजला जाते’ हे तिचं ढालीसारखं वाक्य होतं. कॉलेज बंद झालं, ढाल गेली. दुसऱ्या लाटेत लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. तिच्या घरच्यांना हिशोब स्वस्तात पडला. लावून दिलं. या ‘कोपिंग’बद्दल कुठल्या संगीत समारंभात कुणी बोलत नाही.

मुद्द्यावर येतो. २०२० च्या पावसाळ्यात थोडं थोडं उघडायला लागलं, तेव्हा आमच्या एका शिक्षकांनी काही विद्यार्थ्यांना घरी बोलवायला सुरुवात केली. समोरासमोर तालीम. मीही फोन केला. ते म्हणाले, तू वस्तीतून येतोस रे, तुमच्याकडे केसेस जास्त आहेत, घरात आमच्या आई आहेत. आईंची काळजी खरी असेलही. मी त्यांना राक्षस ठरवत नाही. पण जे चौघं जात होते त्यांची आडनावं मला पाठ आहेत. त्यातल्या दोघांच्या बिल्डिंगी सील झाल्या होत्या, तरी त्यांचं येणं फक्त पंधरा दिवस थांबलं. माझं कायमचं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. आपल्याला शाळेत शिकवतात की १९०१ साली पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी सगळं लिहून काढलं, आणि संगीत उस्तादाच्या घरातून शाळेत आलं, सर्वांचं झालं. सर्वांचं म्हणजे कुणाचं, हा सवाल आहेच. तो दरवाजा आमच्यासाठी त्यांनी उघडला नव्हता. आम्ही पुष्कळ उशिरा, फीमाफीचा फॉर्म हातात घेऊन त्यातून आत शिरलो. पण शिरलो. शाळेला निदान गेट असतं, गेटवर नियम असतो, नियमावर भांडता येतं. घराला नियम नसतो. घराला उंबरा असतो. कॉलेज बंद झालं त्या दिवशी संगीत परत घरात गेलं, आणि या देशात घराला जात असते. ज्यांच्या घरात तंबोरा होता त्यांच्यासाठी कॉलेज बंद झालं म्हणजे इमारत बंद झाली. आमच्यासाठी संगीतच बंद झालं.

हे एका साथीमुळे झालं, एकदाच झालं, असं समजू नका. टाळं लावायला साथच लागते असं नाही. जिथल्या काळ्या पोरांकडून आपण १९७२ साली पँथर हे नाव घेतलं, त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला जवळपास दीडशे वर्षांची परंपरा सांगणारं कलांचं विद्यापीठ होतं, युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स. संगीत, नृत्य, नाटक, चित्र. ३१ मे २०२४ ला जाहीर केलं की ७ जूनला बंद. एका आठवड्याची मुदत. अकराशेच्या वर विद्यार्थी. पुष्कळांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. ३ जूनला विद्यार्थ्यांशी बोलायची बैठक ठेवली, ती ऐन वेळी रद्द केली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी राजीनामा दिला. सप्टेंबरात दिवाळखोरीचा अर्ज. पोरं काय करत होती? इमारतीच्या पायऱ्यांवर वाद्यं घेऊन वाजवत होती. शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठांनी त्यांना घेतो म्हटलं. पण संगीताच्या विद्यार्थ्याला क्रेडिट बदलून मिळतात, गुरू बदलून मिळत नाही. आणि नव्या ठिकाणची फी, राहणं, घेतलेलं कर्ज, हे आईबापांच्याच डोक्यावर.

त्याच शहरात कर्टिस नावाची फुकट शिकवणारी मोठी संगीतसंस्था आहे. १९५१ साली नीना सिमोन या काळ्या मुलीनं तिथं पियानोसाठी परीक्षा दिली. तिला घेतील या भरवशावर तिचं सगळं कुटुंब गाव सोडून फिलाडेल्फियाला येऊन राहिलं होतं. घेतलं नाही. रंगामुळे घेतलं नाही, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली. पुढे पैशासाठी ती बारमध्ये वाजवायला लागली, मालक म्हणाला गायलाही लागेल, म्हणून गायली. २००३ साली कर्टिसनं तिला मानद पदवी दिली, तेव्हा ती मरणाच्या दारात होती. दोन दिवसांनी गेली. बावन्न वर्षं लागली त्या दाराला. त्या कुटुंबाचं काय झालं असेल त्या पहिल्या संध्याकाळी, मी विचार करतो. आपण ज्याच्यासाठी घर उचलून आणलं, ते बंद आहे.

आपल्यातले वडीलधारे काय म्हणतात तेही सांगतो. मी कुरकुर केली की वस्तीतले एक काका हमखास म्हणणार, बाबासाहेब परळच्या एका खोलीत शिकले, तुला काय धाड भरलीय? काका, कबूल. बाबासाहेब एका खोलीत शिकले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं, १९२० ला ते पैसे जमवून पुन्हा गेले. पण पुस्तकाला आवाज नसतो, काका. पुस्तक वाचलं म्हणून शेजारचा रात्रपाळीवाला उठत नाही. आणि अर्धं टाकून यावं लागणं ही बाबासाहेबांनी मिरवायला दिलेली गोष्ट नाही. त्यांचा मोठेपणा पुढे करून आपल्या पोरांवर झालेला अन्याय झाकायचा, हे बामणी कावे शिकलो कुठून आपण?

२०२१ च्या उन्हाळ्यात मी शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली. ऑनलाइन. तबला मित्राचा उसना, तीन दिवसांसाठी. व्हिडिओ काढून पाठवायचा होता, आमच्या वस्तीतून तो जाईना. रात्री दोनला गेला. पास झालो. मार्क बरे पडले, सगळ्यांनाच बरे पडले. त्या वर्षीची डिग्री आहे म्हटलं की लोक कसं बघतात ते माझ्या बरोबरीच्या पोरांना विचारा. जणू आम्हीच टाळं लावलं होतं.

२० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजं उघडली. मी मार्कशीट घ्यायला गेलो. शिपाईमामा भेटले, म्हणाले, ये, तुला दाखवतो. वाद्यांची खोली उघडली. दोन पावसाळे ती खोली बंद होती. बुरशीचा वास असा की डोळ्यांत पाणी आलं. तबल्याच्या पुड्या सुटलेल्या, शाईला तडे, वाद्या कुरतडलेल्या. डग्ग्यांवर हिरवी बुरशी. पेट्यांचे भाते उंदरांनी खाल्लेले. एका तंबोऱ्याची गवसणी काढली तर आत पिल्लं. मी ज्या जोडीवर दोन वर्षं वाजवलं होतं ती ओळखली, चाटेवर माझ्या बोटाचा डाग होता. मामांनी रजिस्टर काढलं. नोंद तशीच. एकूण नग बरोबर. एकही वस्तू गेटबाहेर गेलेली नाही.

आम्हाला दिली असती तर? आम्ही रोज वाजवली असती, उन्हात ठेवली असती, गट्टे ठोकून सुरात ठेवली असती. वाद्य वाजतं राहिलं तरच जगतं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात लिहिलंय. त्यांनी ती आमच्या हातात दिली नाहीत, उंदरांना दिली. म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा मांडणार. कॉलेजला टाळं लावायचं ठरलं की आधी वाद्यं वाटा. सहीवर वाटा, घरी वाद्य नाही त्याला पहिलं द्या. लायब्ररी पुस्तक देते, तसं. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा एकदा कॉलेजं बंद केली, महिनाभरासाठी, तेव्हाही कुणाला हे सुचलं नाही. पुढच्या वेळी साथ असो, संप असो, दंगल असो, की मालकानं बिल्डरला विकलेली इमारत असो.

पण मागणी फक्त त्यांच्याकडे करून आपण सुटत नाही. २ एप्रिल २०२२ ला सगळे निर्बंध उठले. दोन वर्षांनी जयंती जोरात होणार होती. बापानं उधारीवर क्लॅरिनेट मिळवलं, लाल कोट धुतला. आमच्या भागातल्या तीन मंडळांकडे गेला. तिघांनीही डीजे ठरवला होता. पोरं म्हणाली, काका, बँड आता कोण ऐकतंय, बेस पाहिजे. चौदा तारखेला रात्री बाप गल्लीच्या तोंडाशी उभा राहून डीजेच्या भिंती बघत होता. त्याच गाण्यांवर नाचत होते सगळे, जी तो तीस वर्षं वाजवत आला. आपण ज्यांना शाहीर म्हणून फोटोत लावतो त्यांचे वारस उपाशी, आणि वर्गणी जाते भाड्याच्या कर्ण्याला. हे बामणांनी केलं नाही. हे आपण केलं.

मी विहाराच्या कमिटीकडे गेलो. म्हटलं, संध्याकाळी हॉल रिकामा असतो, दोन तास तबल्याला द्या. एक जण म्हणाला, विहारात शांतता पाहिजे, गोंगाट नको. मी म्हटलं, परवा डीजे विहाराच्या भिंतीला लावला होता, तेव्हा शांतता कुठं गेली होती? भांडण झालं. दोन मीटिंगा गेल्या. तिसऱ्या मीटिंगला आईनं बायकांना घेऊन धडक मारली, तेव्हा ठराव झाला. मंगळवार आणि शुक्रवार, सात ते नऊ.

तेव्हापासून चाललंय. सध्या आठ पोरं येतात, त्यात दोन मुली. कॉलेजनं राइट-ऑफ करून भंगारात काढलेल्या दोन जोड्या शिपाईमामांनी आम्हाला सांगून मिळवून दिल्या, पुड्या नवीन बसवल्या, त्याचे पैसे अजून द्यायचेत. बाप कधीकधी येऊन मागे बसतो आणि मी ढोलकीचा हात मोडायला सांगितला की कुरकुरतो. मातंग काका हलगी घेऊन येतात, त्यांना कुणी अडवत नाही. वाद्य घरी न्यायचं असेल तर वही ठेवली आहे. नाव, तारीख, सही. वहीवर डेड स्टॉक लिहिलेलं नाही. चावी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे असते. ज्याला यायचंय त्यानं यावं, येताना एक सतरंजी आणावी, आमची फाटलीय.